पिनांगच्या आजीचा ऐंशीवा: पाकिटातला वरचा एक रुपया घरीच ठेवा

ताई, प्रश्न वाचला. मुलाचं लग्न मलेशियातल्या पिनांगच्या होक्कियन घरातल्या, म्हणजे होक्कियन ही चिनी बोली बोलणाऱ्या घरातल्या मुलीशी झालंय, तिच्या आजीच्या ८० व्या वाढदिवसाला तुम्हा दोघांना बोलावणं आलंय, हॉटेलात वीस टेबलं सांगितलीत, भाषा येत नाही. आहेर काय न्यायचा आणि वागायचं कसं, एवढंच ना? मी मूळची डोंबिवलीची, चौदा वर्षांपूर्वी अशाच एका घरात सून होऊन गेले. आजेसासूबाईंची सत्तरी आणि ऐंशी, दोन्ही पाहिल्या. सत्तरीला ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका.

आधी पाकीट. आहेर लाल पाकिटातून रोखच देतात. मी आपल्या सवयीने १०१ रिंगिट (तिथलं चलन) घातले होते. निघायच्या आधी सासूबाईंनी सहज विचारलं, किती घातलेस? आकडा ऐकला आणि मला मनगटाला धरून स्वयंपाकघरात नेलं. बिस्किटाच्या डब्यातून एक-एक रिंगिटच्या सात नोटा मोजून काढल्या आणि पाकिटात सरकवल्या. १०८ झाले. मग हळूच म्हणाल्या, विषम आकडा मयताच्या घरी देतात, ५१ आणि १०१ हे तर तिथले ठरलेलेच. आपण वरचा एक रुपया घालतो तो व्यवहार पुरा होऊ नये, नातं पुढे चालू राहावं म्हणून. तिथे तोच एक रुपया शोकाचा. तेव्हा सम आकडा घाला, चार टाळा (उच्चार 'मृत्यू'च्या जवळ जातो), आठ आला तर उत्तम. १०८ मला तर अजूनही सोयीचा वाटतो, दोन्हीकडच्या देवांना चालतो. नोटा कोऱ्या असू द्या. आजी बहुतेक तुम्हालाही उलट एक छोटं लाल पाकीट देतील. 'अहो कशाला' करत बसू नका, दोन्ही हातांनी घ्या.

अशाच आणखी दोन-तीन गोष्टी. शेवंतीची फुलं नेऊ नका. पांढरी-पिवळी शेवंती तिथे अंत्यविधीची. आपल्याकडे हौसेने देतात ते भिंतीवरचं घड्याळही नको, कारण चिनी भाषेत 'घड्याळ देणं' आणि 'अखेरचा निरोप देणं' यांचा उच्चार एकच. काळी चंद्रकळा आणि पांढरी साडी कपाटातच राहू द्या. लाल किंवा राणी रंगाची पैठणी असेल तर तीच न्या, आजीचा हात आधी पदरावरून फिरेल. पाकिटासोबत द्यायला चांदीची वाटी चालते. काजू-केशराचे डबे नेलेत तर दोन न्या.

वय किती आणि तारीख कोणती यावर वाद घालू नका. सरकारी ओळखपत्रावर आजी ७९ च्या असतील. जुन्या मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि पुढे प्रत्येक चिनी नववर्षाला सगळ्यांचं वय एकाने वाढतं. वाढदिवसही चांद्र महिन्याच्या तिथीने. आपली आजी 'माझा वाढदिवस अष्टमीला' म्हणायची, तसंच हे. समारंभ तिथीच्या आधी केलेला चालतो, उलटून गेल्यावर करत नाहीत. आपली साठीशांत साठ संवत्सरांचं चक्र पुरं झालं म्हणून करतात; त्यांच्याकडेही दहा आणि बारा चिन्हांच्या जोड्या लावून साठ वर्षांचं चक्र होतं आणि साठी मोठी मानतात. तुमच्या यजमानांनी पंचांगाचा विषय काढला तर गप्पा रंगतील. आमच्या बाबांनी सहस्रचंद्रदर्शन समजावून सांगितलं तेव्हा माझ्या चुलतसासऱ्यांनी तिथल्या तिथे फोनवर हिशेब केला आणि ८० वर्षं १० महिने असा आकडा काढून दाखवला.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, हाक मारणं. तिथे धाकट्याने आल्या आल्या प्रत्येक मोठ्याला नात्याने हाक मारायची. नमस्कार, हात जोडणं वगैरे नाही, नुसती हाक. हाक मारली की तुम्ही आलात. नाही मारली तर समोर उभ्या असूनही आला नाहीत. जेवण सुरू करण्याआधीही तेच: 'आ मा, च्याह', म्हणजे आजी, जेवा. मग मोठे काका, मग धाकटे काका, वयाने उतरत उतरत सगळे. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना 'अंकल, आंटी' म्हणत फिरले. मला वाटलं सगळं ठीक चाललंय. नंतर कळलं, एक आत्या नाराज होत्या, मावशीचा आणि माझा फरक हिला कळत नाही म्हणून! वडिलांचा मोठा भाऊ आ पे, धाकटा आ चेक, आईचा भाऊ आ कू. इंग्रजीत सगळा एकच काला होतो, मराठी माणसाला मात्र हे अवघड जायचं कारण नाही. मुलाला सांगून पहिल्या टेबलावरच्या दहा जणांची नाती लिहून घ्या आणि विमानात पाठ करा. तुमच्या नात्यालाही तिथे शब्द आहे. व्याह्यांना 'चिन-के' म्हणतात, विहिणीला वेगळा शब्द आहे, तो सुनेकडून नीट म्हणून घ्या. इंग्रजीत 'मुलाच्या बायकोचे वडील' अशी आगगाडी लावावी लागते, इथे एका शब्दात काम होतं.

पाया पडू नका. मी पडले होते. आजेसासूबाईंना वाटलं माझं काहीतरी खुर्चीखाली गेलंय, त्यांनी पाय वर घेतले आणि स्वतःच वाकून शोधायला लागल्या. मुलगा-सून गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चहा देतील, ते त्यांचं काम. तुम्ही दोघांनी एक ओळ म्हणा: 'फू रू तोंग हाय, शौ बी नान शान'. सुख पूर्वसमुद्राएवढं, आयुष्य दक्षिणेच्या डोंगराएवढं. ही मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषा आहे, पण होक्कियन आज्यांनाही कळते, आणि साडीतल्या बाईने म्हटली तर अख्खं टेबल टाळ्या वाजवतं.

औक्षण करायचं असेल तर हॉटेलात नको, सकाळी घरी, सुनेला आधी विचारून. आम्ही केलं होतं. कुंकू लाल म्हणून खूश, निरांजनावर फुंकर मारायची नसते हे मात्र दोनदा सांगावं लागलं. आमच्याकडे त्या सकाळी गोड पाण्यातली मी-सुआ असते, गव्हाच्या अगदी बारीक, लांबलचक शेवया, वर लाल रंगवलेली उकडलेली अंडी. शेवई तोडायची नाही, आयुष्य तुटतं. अंडं खात नसाल तर नुसत्या शेवया मागा. आणि आंग कू चुकवू नका: चिकट तांदळाची लाल पारी, आत मुगाच्या डाळीचं गोड सारण, कासवाच्या साच्यात दाबून केळीच्या पानावर उकडलेलं. आपल्या मोदकाचं चुलत भावंडच.

शाकाहारी आहात हे आठवडाभर आधी कळवा. कोणी नाक मुरडणार नाही, तिथे अनेक घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार असतो. त्या शाकाहारात कांदा-लसूणही नसतो, चातुर्मासासारखा. ताटलीत नकली मासा आला तर दचकू नका, सोयाचा असतो. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, ती पितरांपुढची उदबत्ती दिसते. फिरत्या चकतीवरचं ताट आजीच्या समोरून गेल्याशिवाय वाढून घेऊ नका.

वेळ सातची सांगितली असेल तर पहिलं ताट आठनंतर येईल. तरी सातलाच जा. मधल्या वेळात फोटो होतात: आधी मुलं, मग एकेका मुलाचं कुटुंब, मग जावई, मग नातवंडं, सगळ्यात शेवटी सगळे. व्याही म्हणून तुम्हाला आजीच्या शेजारची खुर्ची देतील. आमचे आई-बाबा 'चिनी लोक उशिरा जेवतात' असं माझ्याकडूनच ऐकून आठला पोचले. घरी दिवाणखान्यात तो मोठा फोटो लागलाय, ६३ माणसं आहेत, आणि पुढच्या रांगेत दोन रिकाम्या खुर्च्या.