जुन्या गाडीच्या सीटचे काय करावे?

प्रश्न : माझ्या २०११ सालच्या गाडीचे इंजिन उत्तम आहे, परंतु चालकाच्या सीटची कड फाटली असून कापडाला कुबट वास येतो. कमी खर्चात काय करता येईल?
– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : नवे कव्हर चढवण्याची घाई कृपया करू नका, कारण खालचा दबलेला फोम तसाच राहिला, तर नवे कव्हरही लवकरच सुरकुतते आणि पाठीला आधार मिळत नाही तो नाहीच. चढता-उतरताना अंगाचा भार दरवाजाकडील कडेवर घासत असल्याने तीच बाजू आधी झिजते. म्हणून सीटकाम करणाऱ्या कारागिराकडून तेवढाच फोम भरून घ्यावा आणि फाटलेला भाग मिळत्याजुळत्या कापडाने शिवून घ्यावा. संपूर्ण सीट नव्याने मढवण्यापेक्षा हे बरेच स्वस्त पडते.

वासासाठी आधी व्हॅक्यूमने धूळ काढून सौम्य साबणाचा केवळ फेस ओल्या फडक्याने फिरवावा. पाणी ओतू नये, कारण फोम ते शोषून घेतो आणि खाडीकाठच्या दमट हवेत तो कित्येक दिवस वाळत नाही. हे काम उन्हाळ्यातच उरकावे.

रेक्झिन पुसायला सोपे असले, तरी आपल्याकडच्या उकाड्यात ते पाठीला चिकटते. रोजच्या प्रवासासाठी मी कापडच सुचवीन.

सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असल्यास मात्र ती बाजू झाकणारे कव्हर मुळीच घालू नये आणि तिथली शिवण उसवू देऊ नये, कारण एअरबॅग तिथूनच उघडते.