कडुलिंबापाशीच का थांबतेस?

पोरी,

काल पोलीस भरतीच्या सरावानंतर ग्राऊंडवरून निघताना तू विचारलंस, "सर, मन घट्ट कसं करायचं?" गोळाफेकीच्या रांगेत बाकीच्या मुली खोळंबल्या होत्या, म्हणून "सांगतो नंतर" म्हणून तुला वाटेला लावलं. तसंही हे उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही, आणि धापा टाकणाऱ्याच्या कानात उपदेश शिरत नाही. म्हणून लिहितोय. रूमवर जा, चहा टाक, मग वाच.

मन घट्ट करण्याआधी ते सैल कुठे पडतं ते बघू. 800 मीटर म्हणजे आपण आखलेल्या दोन चकरा. पहिली तू झकास मारतेस. दुसरीत वळण घेऊन कडुलिंबापाशी आलीस की तुझे खांदे कानाला लागतात, मुठी आवळतात, हनुवटी वर जाते आणि पाय पडेनासे होतात. कधीकधी तर तू तिथं सरळ चालायलाच लागतेस. "काऊन थांबली वं?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "माह्याच्यानं नाही होत सर. दमच संपते."

ज्या दिवशी पहिली चकर हळू मारलीस त्या दिवशीही तू कडुलिंबापाशीच थांबलीस. ज्या दिवशी सुसाट निघालीस त्या दिवशीही तिथंच. जानेवारीच्या थंडीत तिथंच, एप्रिलच्या उकाड्यात तिथंच, चतुर्थीचा उपास असताना तिथंच. आता तूच सांग, दम खरोखर संपत असता तर रोज एकाच झाडाखाली कसा संपला असता? जोरात निघालेल्या दिवशी तो अलीकडे संपायला हवा आणि हळू निघालेल्या दिवशी पलीकडे. आणखी एक. शेवटचे 100 मीटर उरले आणि मी शिट्टी मारली की तू पळतेस. नुसती पळत नाहीस, पुढच्या दोघींना मागे टाकतेस. कडुलिंबापाशी जो दम संपला होता तो शिट्टीनं कुठून आला?

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नाही. दक्षिण आफ्रिकेतले टिम नोक्स नावाचे प्राध्यापक वर्षानुवर्षं हेच विचारत आले. माणूस दमून अगदी रिकामा झाला असेल, तर लांब शर्यतीत शेवटच्या टप्प्यात त्याचा वेग वाढतो कसा? त्यांचं म्हणणं असं की पाय आणि छाती हात टेकायच्या बऱ्याच आधी मेंदू लगाम खेचतो, कारण त्याला काहीतरी शिल्लक ठेवायचं असतं. महिनाअखेरीसाठी डाळीच्या डब्यात नोट लपवणारी आई "पैसे संपले" म्हणते ना, तसं. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही, वाद अजून आहे. पण 2004 साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. साधारण तासाभराच्या सायकल शर्यतीत गड्यांना पिष्टमय पदार्थ घातलेलं पाणी दिलं. प्यायला नाही बरं का, नुसतं तोंडात खुळखुळवून थुंकायला. पोटात थेंब गेला नाही, तरी त्यांची वेळ जवळजवळ 3 टक्क्यांनी सुधारली. जिभेनं मेंदूला कळवलं की रसद येतेय, आणि मेंदूनं लगाम थोडा सैल सोडला. ताकद आधीपासून अंगातच होती.

तर तुझ्या कडुलिंबाचं असं आहे. कधीतरी, बहुधा सुरुवातीच्या दिवसांत, तू तिथं खरंच दमली असशील. तेव्हापासून ते झाड तुझ्या डोक्यात ठाण मांडून बसलंय. ते दिसलं की दमायचं.

आता तुला वाटेल की सर म्हणणार, दात-ओठ खा आणि पळ. नाही म्हणणार. तुम्ही पोरं सकाळी सकाळी स्टेटसला ते सिंह, वादळं आणि "मोडेन पण वाकणार नाही" लावता, त्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. त्यानं अर्धा दिवस अंगात येतं आणि दुपारी जेवण झालं की उतरतं. शेवटच्या टप्प्यात तर शूर सगळेच असतात, तिथं शिट्टी असते, बघणारे असतात. तुझं काम मधलं आहे. पाचशे मीटरच्या आसपास कोणी टाळ्या वाजवत नाही, सुरुवातीचा जोश ओसरलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. सीमा तू तिथं आखलीस, तर ती तिथंच सरकवायची.

म्हणून सोमवारपासून तू आमच्यासोबत सुरुवात करायची नाहीस. समोरच्या बाजूनं, पाण्याच्या टाकीपासून निघायचं, म्हणजे कडुलिंब तुला वेगळ्याच अंतरावर भेटेल. दुसऱ्या दिवशी आणखी कुठून तरी. काही दिवस घड्याळ माझ्याकडे राहील आणि वेळ मी तुला सांगणार नाही. आठवड्यातून एकदा 800 च्या जागी 1000 पळायचं, हळू चालेल, पण न थांबता. हजाराची सवय झाली की आठशेची धास्ती आपोआप कमी होते. आणि "बस झालं" असं आतून आलं की त्याच्याशी भांडायचं नाही. त्याला म्हणायचं, बरं, पण निर्णय वीस पावलांनंतर. ती वीस पावलं खांदे खाली सोडायचे, मुठी उघडायच्या, श्वास जोरात बाहेर टाकायचा. वीस झाली की पुन्हा विचार. बहुतेक वेळा तोवर वळण मागे गेलेलं असतं.

अजून एक, रात्रीचं. इटलीचे सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं की आधी 90 मिनिटं डोकं शिणवणारं काम करून सायकलवर बसलेले लोक लवकर हार मानतात. हृदय, रक्त, सगळं नेहमीसारखंच चाललेलं असतं, फक्त तीच मेहनत त्यांना जास्त जड वाटते. (तुमचा लेखी पेपरही नेमका 90 मिनिटांचाच आहे, हा योगायोग.) तू बारापर्यंत मोबाइल चाळतेस आणि पाचला ग्राऊंडवर येतेस. मग कडुलिंब जवळ सरकणारच.

पण पोरी, पुढचं यापेक्षा महत्त्वाचं आहे, इथं घाई करू नकोस. सगळ्याच सीमा डोक्यातल्या नसतात. मे अखेरच्या नवतपात सकाळी सातलाच ऊन चावायला लागतं, दुपारी पारा 45 च्या वर जातो. अशा उन्हात पळताना चक्कर आली, अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं किंवा बोलताना शब्द घसरायला लागले, तर वीस पावलं नाहीत, एक पाऊलही नाही. तिथंच थांबायचं, सावलीत जायचं, डोक्यावर-अंगावर पाणी ओतायचं आणि मला हाक मारायची. शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांपर्यंत गेलं आणि डोकं भरकटायला लागलं की तो उष्माघात असतो, आणि माणूस त्यात जातो. नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, रोज पळताना वाढत असेल, तर ती हाडाला तडा जाण्याची सुरुवात असू शकते. ते डॉक्टरला दाखवायचं. दुखणं अंगावर काढण्याला आपल्याकडे उगाच मोठेपणा देतात, बायकांच्या बाबतीत तर फारच.

आणि हिमोग्लोबिन तपास. मुलींमध्ये ते 12 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. कमी रक्तावर तू कितीही निर्धार केलास तरी स्नायूंना प्राणवायू पुरणार नाही. पाळी दोन-तीन महिने चुकली, तर "सराव जोरात चाललाय" म्हणून खूश होऊ नकोस, अनेकदा पोटाला कमी पडतंय असा त्याचा अर्थ असतो. लाजायचं कारण नाही, मला सांगायला जमत नसेल तर मेसच्या काकूंना सांग. सकाळी नुसत्या तर्री पोह्यांवर ग्राऊंड निघत नाही. शेंगदाणे, चणे, अंडी, जे परवडेल ते. घरून पैसे किती येतात ते मला ठाऊक आहे, म्हणूनच बदाम म्हणत नाही.

लेखीचंही तुझं कडुलिंब आहे. काळ-काम-वेगाचं गणित दिसलं की तू पान उलटतेस. वाचून सोडत नाहीस, नुसतं दिसलं की सोडतेस. मागच्या सराव पेपरात "एक काम अ 12 दिवसांत आणि ब 6 दिवसांत करतो" हे गणित तू कोरं ठेवलंस. एका दिवसात अ बारावा भाग करतो, ब सहावा भाग, दोन्ही मिळून चौथा भाग, म्हणजे चार दिवस. यात तुला न येण्यासारखं काय होतं? ग्राऊंड, म्हणजे मैदानी चाचणी, 50 गुणांचं, त्यात तुझ्या 800 मीटरचे 20, आणि 2 मिनिटं 50 सेकंदांत आलीस तर पूर्ण. लेखी मात्र 100 गुणांची. मेरिटला एकेका गुणावर नावं कटतात, तिथं तू न वाचलेल्या गणितांचे गुण दान करून येतेस. रोज एक उदाहरण, आणि तेही सगळ्यात आधी, ताज्या डोक्यानं.

तू त्या दिवशी म्हणालीस, "आमच्या गावातून कोणी लागलंच नाही सर, मी कशी लागणार?" आपल्याच नागपूरच्या दिव्या देशमुखचं बघ. जुलै 2025 मध्ये जॉर्जियात बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक खेळायला गेली तेव्हा ती 19 वर्षांची होती, पंधरावं मानांकन होतं आणि ग्रँडमास्टर या सगळ्यात मोठ्या किताबासाठी लागणाऱ्या तीन नॉर्मपैकी (नॉर्म म्हणजे एखाद्या स्पर्धेत ठरलेल्या दर्जाची कामगिरी) तिच्याकडे एकही नव्हता. माजी विश्वविजेत्या तान झोंगयीला हरवलं. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, म्हणजे दिव्याच्या जन्माआधीच ग्रँडमास्टर झालेली. दोन डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत दिव्या जिंकली, आणि विश्वचषकासोबत ग्रँडमास्टर किताब थेट मिळाला. तिच्यासारखी तू होशील असं मी म्हणत नाही. तिला लहानपणापासून शिकवणारे होते, तुला बारावीनंतर पहिल्यांदा कोणी धावपट्टी दाखवली. हा फरक खरा आहे आणि तो नाकारून काही मिळत नाही. पण तुझ्या गावातून आजवर कोणी लागलं नाही, ही गावाची माहिती झाली. तुझ्या पायांची नाही.

खाकी अंगावर आली की काय असतं तेही ऐकून ठेव. हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तात सकाळपासून उभं राहायचं, मोर्चा कधी येईल ठाऊक नाही, जेवणाचा डबा कधी येईल ठाऊक नाही, समोरचा तोंडावर शिव्या देतो आणि आपण हात उचलायचा नाही. तिथं शिट्टी मारणारं कोणी नसतं. आत्ता मधल्या दोनशे मीटरात जे शिकशील ते तिथं कामाला येईल, गुण तर येतीलच.

सोमवारी साडेपाचला ये, टाकीपाशी थांब. रक्ताचा रिपोर्ट आला की फोटो पाठव, चष्मा लावून नीट बघतो. आणि गोळ्याचं आपण वेगळं बोलू. तुझा गोळा जवळ पडतो त्यात मनाचा काही दोष नाही, तू तो ढकलायचा सोडून फेकतेस.

तुझे
सर