फायबरच्या एवढ्याशा काचेतून नेट, फोन आणि टीव्ही एकदम कसे येतात? आणि लाइट गेली की लँडलाइन का बंद पडतो?

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण घरी आई एकट्या असतात असं तुम्ही लिहिलंय.

जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची. तांब्याच्या त्याच दोन तारांवर 48 व्होल्टचा डीसी पुरवठा असायचा आणि एक्स्चेंजमध्ये मोठाल्या बॅटऱ्या. म्हणून गावभर अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की टोन ऐकू यायचा. काचेतून वीज जात नाही. आता तुमचा फोन भिंतीवरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला जोडलेला आहे आणि तो डबा घरच्या प्लगवर चालतो. डबा बंद पडला की फोनही गेला. बहुतेक डबे 12 व्होल्टवर चालतात. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून त्याच मापाचा राउटरचा छोटा यूपीएस घ्या. हे काम या आठवड्यातच करा. तोवर आईंजवळ मोबाइल चार्ज करून ठेवलेला असू द्या.

आता काचेकडे येतो. मी सातारा भागात गेली अकरा वर्षं फायबर जोडायचं काम करतो, आणि अजूनही स्प्लायसिंग मशीनच्या, म्हणजे काच वितळवून जोडणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनवर दोन टोकं समोरासमोर आलेली बघताना श्वास रोखला जातो. काचेचा धागा 125 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. प्रकाश ज्यातून जातो तो आतला गाभा तर जेमतेम 9 मायक्रॉनचा. भोवतालच्या काचेचा अपवर्तनांक गाभ्यापेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे प्रकाश बाहेर न पडता आतच वळत राहतो. दहावीला शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच.

काच किती शुद्ध लागते बघा. 1966 साली चार्ल्स काओ यांनी दाखवलं की प्रकाश मरतो तो काचेतल्या अशुद्धीमुळे. त्याच कामासाठी त्यांना 2009 चं नोबेल मिळालं. 1970 मध्ये कॉर्निंग कंपनीने जी काच बनवली, तिच्यातून एक किलोमीटर गेल्यावर शंभरातले जेमतेम दोन हिस्से प्रकाश उरायचा, आणि तेव्हा ती मोठी झेप होती. आज तेवढ्याच अंतरावर नव्वदच्या वर उरतो.

तीन सेवा एकत्र कशा, तर प्रकाशाच्या वेगवेगळ्या रंगांमुळे. डोळ्यांना न दिसणारे रंग. घराकडे येणारा डेटा 1490 नॅनोमीटरवर, घरातून जाणारा 1310 वर, आणि काही केबलवाले टीव्ही 1550 वर सोडतात. एकाच काचेत येणारे-जाणारे एकमेकांच्या आड येत नाहीत. फोनला वेगळा रंग नसतो. तुमच्या आवाजाचे छोटे तुकडे होऊन ते नेटच्याच डेटात बसतात, फक्त त्यांना आधी वाट दिली जाते.

आणि ती काच एक्स्चेंजपासून एकट्या तुमच्यासाठी आलेली नसते. तिथल्या एका पोर्टमधून सेकंदाला सुमारे 250 कोटी बिट निघतात, वाटेत स्प्लिटर तो प्रकाश 32 किंवा 64 घरांना वाटतो. स्प्लिटरला ना वीज लागते ना बॅटरी. येणारा डेटा सगळ्यांच्याच घरी पोचतो, पण कुलूपबंद. तुमचा डबा आपला तेवढाच उघडतो. जाताना मात्र सगळे एकदम बोलले तर नुसता गोंधळ होईल. म्हणून एक्स्चेंजमधलं मशीन प्रत्येक घराला पाळी देतं. काचेत प्रकाशाला एक किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद लागतात. मशीन प्रत्येक घरापर्यंतचा हा वेळ मोजतं आणि जवळच्या घराला सांगतं, तू जरा थांबून पाठव. मग दोन किलोमीटरवरचं घर आणि बारा किलोमीटरवरची वाडी, दोघांचा प्रकाश आपापल्या पाळीला नेमका पोचतो. मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

प्रकाश असा वाटला जात असल्यामुळे घरी पोचतो तो फार थोडा. आम्ही ‘मायनस वीस आला’ म्हणतो, म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा हिस्सा. मायनस सत्तावीसच्या खाली गेलं की नेट तुटायला लागतं. एका घरी महिनाभर संध्याकाळी नेट जायचं. राउटर बदलून झाला होता. मी मीटर लावला, मायनस एकोणतीस. वायरचा माग काढत गेलो तर कपाट भिंतीला टेकवलेलं आणि मागे वायरची घडी पडलेली. कपाट दोन बोटं पुढे ओढलं, वायर गोल वळवून क्लिपमध्ये बसवली, मायनस एकवीस. त्या काकू म्हणाल्या, ‘एवढंच होतं?’ एवढंच होतं. काच दुमडली की आत वळणारा प्रकाश बाहेर सांडतो.

तुमच्याकडेही वायर खिळ्याला गुंडाळू नका, दाराच्या फटीतून नेऊ नका. हिरवा कनेक्टर उगाच काढू नका. टोकावर धुळीचा कण बसला तर तो 9 मायक्रॉनचा गाभा झाकायला पुरेसा असतो. आणि निघालेल्या टोकात डोळा लावून कधीच बघू नका, तो प्रकाश दिसत नाही. डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला तर प्रकाशच येत नाहीये, डबा बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवा. माणूस आला की त्याला मीटर लावून आकडा दाखवायला सांगा आणि तो आकडा तारखेसकट डब्याच्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी येणाऱ्याचा अर्धा तास वाचेल.