‘दोनच कप घेतो, मॅडम’

फेब्रुवारी सरत आला की लातुरात क्लासेसच्या भागातून माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या मुलांचं गाऱ्हाणं जवळपास सारखंच असतं. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री झोप नाही, आणि ‘मला काही मोठं तर झालं नाही ना?’ ही भीती. त्यातल्याच एकाची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगा एकोणीस वर्षांचा, नीटचा रिपीटर, औसा तालुक्यातला. सोबत वडील. ते म्हणाले, “मॅडम, ईसीजी काढला, रक्त तपासलं, डॉक्टर म्हनले काहीच न्हाई. मग धडधडतंय कशानं?” चहा-कॉफी किती होते, असं मी विचारलं. पोरगं लगेच म्हणालं, “दोनच कप कॉफी घेतो, मॅडम.”

हे ‘दोनच कप’ मी नेहमी ऐकते आणि त्यावर कधीच विसंबत नाही. पुढच्या वेळी येताना ग्लास, चमचा आणि कॉफीची बरणी घेऊन यायला सांगितलं. कप म्हणजे मेसचा स्टीलचा मोठा ग्लास निघाला, आणि चमचा पोहे खायचा. त्यानं रोजच्यासारखी शिगोशीग पावडर घेतली. तीच मी चहाच्या लहान चमच्यानं, किंचित उंच भरत मोजली. तीन चमचे भरले.

इन्स्टंट कॉफीच्या अशा एका भरल्या चमच्यात साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन असतं. म्हणजे एका ग्लासात १८०, रात्री दहाचा आणि एकचा मिळून ३६०. शिवाय दुपारी एनर्जी ड्रिंकचा २५० मिलीचा कॅन. आपल्याकडच्या नियमानं त्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे ७५ पर्यंत. वर टपरीवरचे तीनेक चहा. बेरीज पाचशेच्या घरात गेली. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं, असं सर्वसाधारणपणे मानतात. अठराच्या आतल्या मुलांना मात्र वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम एवढंच. पन्नास किलोच्या पोरीला १५०. अकरावी-बारावीच्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

“पण मी दुधात करतो, कडू लागतच नाही,” तो म्हणाला. दूध-साखरेनं कडूपणा झाकला जातो, कॅफिन तेवढंच राहतं. रंगावर आणि चवीवर जाऊच नये. एस्प्रेसोचा ३० मिलीचा घोट तोंड वाकडं करायला लावतो, पण त्यात साधारण ६० च. साध्या काळ्या गाळलेल्या कॉफीच्या २४० मिलीच्या मगात ९५ च्या आसपास. कॉफीच्या बियांच्या दोन मुख्य जाती, रोबस्टा आणि अरेबिका; रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळांच्या पुडीत काहीच नाही, म्हणून चिकोरीमिश्रित पावडरीत कमी. कॅफेतल्या कोल्ड कॉफीचं आधी सांगता येत नाही, किती पावडर घातली ते विचारावं लागतं.

त्याहून महत्त्वाचं घड्याळ. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, त्यानं पेंग येते. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, नुसता कळत नाही. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री एकचा ग्लास सकाळी सहाला निम्मा अंगातच असतो. झोप उडते, दुसऱ्या दिवशी पेंग येते, म्हणून पुन्हा कॉफी.

एकदम बंद करू नको, असं मी त्याला बजावलं. तोडली की दिवसभरात डोकं ठणकायला लागतं, आणि पोरं घाबरून पुन्हा बरणीकडं वळतात. आधी रात्री एकचा ग्लास गेला, मग कॅन, मग पोह्यांचा चमचा. दोन-तीन आठवड्यांत हाताचा कंप थांबला, झोपही लागायला लागली. नापास व्हायची भीती काही कॉफीतून आली नव्हती. त्यावर आम्ही वेगळं बसलो, अजून बसतो. पण धडधड कमी झाल्यावरच त्याला त्या भीतीबद्दल धड बोलता आलं.

नीटचा पेपर दुपारी असतो, त्या दिवशी काय करू, असं त्यानं विचारलं. सवयीची असेल तेवढीच घ्यायची, जास्तीची नको; लघवीला सारखं उठावं लागलं तर वेळ तिथंच जातो.

छातीत दुखलं, चक्कर येऊन पडायला झालं, तर मात्र समुपदेशकाची वाट पाहू नये, थेट डॉक्टर गाठावा.

उठता उठता वडिलांनी हळूच विचारलं, “माझे आठ-धा चहा व्हत्यात, त्याचं?” टपरीच्या छोट्या कपात वीस-तीस मिलिग्रॅम धरलं तरी ते हद्दीत बसत होते. साखरेची चौकशी मी पुढं केली.