ऑनलाइन घेताना पैठणी हातमागाची आहे हे कसं ओळखायचं?

पदराच्या उलट्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मागवा, तिथेच कळतं. हातमागावर प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीने नक्षीपुरताच फिरवतात, म्हणून मोर, मुनिया मागूनही तितकेच सुबक दिसतात. यंत्रमागाच्या ‘सेमी पैठणी’त मागे लोंबते किंवा कापलेले धागे असतात. सेमी काही हजारांत मिळते, सणासमारंभाला छानच दिसते. फक्त तिला हातमागाची किंमत मोजू नका. सिल्क मार्क असेल तर चांगलंच, पण तो रेशमाची खात्री देतो, हातमागाची नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. जुनी पैठणी असेल तर घड्यांवर रेशीम विरलंय का, तेही विचारा. जरतार चांदीची की नकली, हे मात्र फोटोवरून ठरत नाही, म्हणून महागडी साडी परत घेण्याची सोय असेल तिथूनच घ्या.