टुडली चर्चमधल्या शागालच्या निळ्या खिडकीचा अर्थ काय?

इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या टुडली गावच्या ऑल सेंट्स चर्चची ही पूर्वेकडची, रंगीत काचांतून चित्र साकारलेली खिडकी. १९६३ मध्ये शिडाची होडी उलटून बुडालेल्या २१ वर्षांच्या मुलीच्या स्मरणार्थ आई-वडिलांनी ती चित्रकार मार्क शागालकडून करवून घेतली. १९६७ मध्ये बसवली.

वाचायची खालून वर. तळाशी गर्द निळ्या लाटांत ती मुलगी तरंगते आहे, जवळच शोक करणारी माणसं. म्हणजे निळा रंग इथे आधी समुद्र आहे, तिला गिळणारा. वर नजर नेली की तोच निळा उजळत आकाश होतो. मृत्यूचा आणि स्वर्गाचा रंग एकच ठेवणं, हीच मला या खिडकीतली खरी करामत वाटते.

मधली शिडी क्रुसावरच्या ख्रिस्ताकडे नेते. हा ख्रिस्त वेदनेने पिळवटलेला नाही, शांत आहे, जणू तिला सामावून घ्यायला हात पसरलेत. लाल घोडा बहुतेक जण आनंदाची खूण मानतात, पण शागालच्या इतर चित्रांतही घोडे असतातच, तेव्हा फार ताणू नये.

शागाल स्वतः ज्यू होता, बरं का! तरी पुढे इथल्या उरलेल्या ११ खिडक्याही त्यानेच केल्या.