कूतला वेढा पडला तेव्हा कुमक बसऱ्यात येऊन पोचत होती, मग पुढे का गेली नाही?

तुम्ही विचारलंय की एप्रिल 1916 मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथे इंग्रजांची अख्खी फौज तुर्कांना शरण गेली आणि पुढच्या मार्चमध्ये तेच इंग्रज बगदादमध्ये शिरले, तर मधल्या अकरा महिन्यांत असं काय बदललं, नवा सेनापती आला एवढंच का? आणि खाली तुम्ही लिहिलंय की तुमच्या पणजोबांच्या जुन्या कागदावर '103 मराठा, बसरा' इतकंच आहे. त्या शेवटच्या ओळीमुळे उत्तर लिहायला बसलो.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बावीस वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे फौजेच्या पुरवठा खात्यात, होतो, त्यातली काही लडाखला, आणि तिथलं काम म्हणजे उन्हाळ्यात रस्ता उघडा असेपर्यंत अख्ख्या हिवाळ्याचं पीठ, डाळ, रॉकेल वर चढवून ठेवायचं कारण एकदा बर्फ पडून रस्ता बंद झाला की मागून काही येत नाही. त्यामुळे कूतची हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा लढायांपेक्षा मला त्यातला बंदराचा धक्का आणि बोटी जास्त दिसल्या, आणि अजूनही माझं मत तेच आहे की कूत हरलं ते बसऱ्याच्या बंदरात हरलं.

बघा, फौज निघाली मुंबईहून. सहावी पूना डिव्हिजन. 6 नोव्हेंबर 1914 ला फाओला उतरली आणि पंधरा-सोळा दिवसांत बसरा हातात. मूळ काम एवढंच होतं की अबादानची तेलाची रिफायनरी आणि पाइपलाइन सांभाळायची आणि आखाताचं तोंड धरून बसायचं. पण जून 1915 ला अमारा मिळालं, जुलैला नासिरिया, सप्टेंबरच्या शेवटी कूत, आणि प्रत्येक विजयानंतर मोहिमेचा सेनापती जनरल निक्सनला वाटलं अजून थोडं पुढे जाऊ. प्रत्येक वेळी पुरवठ्याची दोरी लांब होत गेली, आणि दोरी लांब झाली म्हणून बोटी वाढल्या असं काही झालं नाही.

आता बसरा बंदर म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. 1914 मध्ये तिथे मोठं जहाज लागेल असा एक धक्का नव्हता. जहाज नदीच्या मध्यात नांगर टाकून उभं राहायचं आणि माल स्थानिक महैला नि बेलम नावाच्या होड्यांत उतरवून किनाऱ्यावर आणायचा, किनारा म्हणजे चिखल आणि खजुरीच्या बागा. वरून पूर. जहाजं आठवडेच्या आठवडे रिकामी व्हायची वाट बघत उभी. बरं किनाऱ्यावर आलेला माल पुढे नेणार कसा, रस्ता नाही, रेल्वे नाही, एकच वाट म्हणजे टायग्रिस नदी, ती नागमोडी, उन्हाळ्यात इतकी उथळ की सपाट बुडाच्या बोटीच चालतात, आणि कुर्णाच्या वरच्या अंगाला ती इतकी अरुंद होते की समोरासमोर आलेल्या दोन बोटींना एकमेकींना ओलांडणं मुश्किल. त्या वेळच्या स्टीमरच्या दोन्ही अंगांना एकेक बार्ज, म्हणजे माल वाहायची सपाट होडी, बांधलेला असायचा, आणि वळणावर ते बार्ज काठावर आपटत जायचे.

एक हिशोब मांडतो, हा माझा ढोबळ आहे, पुस्तकातला नाही. समजा दहा हजार माणसं पुढे आहेत. माणशी रोजचं रेशन, सरपण सगळं धरून दीड किलो धरलं तर पंधरा टन झाले. सोबत तीन हजार घोडे-खेचरं असतील तर दाणा नि चारा मिळून जनावरामागे आठ-नऊ किलो, म्हणजे पंचवीस टन. म्हणजे जनावरंच माणसांपेक्षा जास्त खातात! यात अजून दारूगोळा नाही, औषध नाही, तंबू नाही, जखमींना परत आणायची जागा नाही. आणि हे रोजचं. बोट वर जायला कित्येक दिवस, परत यायला वेगळे दिवस. त्यामुळे पुढे आणखी पाच हजार जवान पाठवले म्हणजे ताकद वाढली असं होत नाही, त्यांच्या जेवणाची बोट नसेल तर आधीच्या दहा हजारांच्या ताटातलं कमी होतं.

निक्सनने 1915 च्या उन्हाळ्यात जादा बोटी मागितल्या होत्या, बसरा ते नासिरिया रेल्वेही मागितली होती. हिंदुस्थान सरकारने खर्चाचं कारण देऊन रेल्वे नाकारली आणि बोटींची ऑर्डर रेंगाळली. पण हेही खरं की नकार आल्यावर त्याने पुढे जायचं थांबवलं नाही, आणि माझ्या मते दोष तिथे आहे. बोटी मिळत नाहीत हे माहीत असताना बगदादकडे निघणं हे धाडस नव्हे, तो जवानांच्या जिवाशी केलेला जुगार होता.

नोव्हेंबर 1915 ला टेसिफॉनला, बगदाद अगदी जवळ आलेलं असताना, फौज अडली. चार हजारांच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना नदीपर्यंत आणलं ते स्प्रिंग नसलेल्या खेचरांच्या गाड्यांतून, ज्या गाड्या सामान वाहायला असतात, आणि तिथून पुढे ज्या बार्जमधून जनावरं आणली होती त्याच बार्जमध्ये घालून बसऱ्याला. मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरने त्या बोटी बसऱ्याला लागताना बघितल्या आणि काय दिसलं ते जसंच्या तसं लिहून दिलं, त्यावरून त्याला वरिष्ठांच्या धमक्या ऐकाव्या लागल्या. त्याने लिहिलेलं मी इथे उतरवत नाही, पण सप्लाय किंवा मेडिकलमध्ये काम करणाऱ्याने ते एकदा वाचावंच.

त्या फौजेचा सेनापती टाउनशेंड मागे हटून कूतला आला, नदीच्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाणी. 7 डिसेंबरला वेढा पूर्ण झाला. आत 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. म्हणजे तुमचे पणजोबा त्या वेळी आजारी पडून मागे गेलेले नसतील किंवा नंतरच्या भरतीतले नसतील तर ते आत असण्याची शक्यता बरीच आहे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते ती सांगतो. टाउनशेंडने वर कळवलं की साधारण दोन महिन्यांचा शिधा आहे. ह्या आकड्यावर वेढा सोडवायला निघालेल्या फौजेचा सेनापती एल्मरने घाई केली. फ्रान्समधून लाहोर आणि मीरत डिव्हिजन येत होत्या, पण त्या तुकड्या-तुकड्याने बसऱ्यात उतरत होत्या, एका जहाजात पलटण, तिची खेचरं दुसऱ्या जहाजात, हॉस्पिटल अजून तिसरीकडे, स्टाफ ऑफिसर एकमेकांना ओळखत नाहीत, ब्रिगेड तिथल्या तिथे जमवलेल्या. जे हातात आलं ते घेऊन एल्मर निघाला. जानेवारीत शेख साद, वादी, हान्ना, एकामागोमाग एक, पावसात नि चिखलात, आणि हान्नाला 21 जानेवारीला हल्ला पार मोडला. आणि ह्याच जानेवारीच्या शेवटी टाउनशेंडने कूतमधल्या घरांची झडती घेतली, तर धान्य सापडलं, आणि नव्या हिशोबाने शिधा एप्रिलपर्यंत पुरणार असं निघालं! म्हणजे स्टॉक आधी नीट मोजला असता तर एल्मरला दोन महिने मिळाले असते, फौज एकत्र करायला, तोफा पुढे आणायला. लडाखला आमचे सुभेदार साहेब दर आठवड्याला पोती स्वतः मोजायला लावायचे, रजिस्टरवर विश्वास ठेवायचे नाहीत, आणि आम्ही तरुण पोरं वैतागायचो. हान्नाचं वाचल्यावर त्या मोजणीचा अर्थ मला लागला.

मार्चमध्ये दुजैलाला पुन्हा प्रयत्न झाला तेव्हाही हजारो माणसं मागे बसऱ्याच्या बाजूला पडून होती कारण त्यांना पुढे न्यायला आणि पुढे खायला घालायला बोटी नव्हत्या. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे, कुमक येत होती पण आघाडीवर पोचत नव्हती. वेढा सोडवायच्या प्रयत्नांत एकूण 23 हजारांच्या आसपास माणसं कामी आली किंवा जखमी झाली, कूतच्या आत होती त्याहून कितीतरी जास्त.

आत हाल चालले होते. घोडे कापायला लागले, पण आपल्या बऱ्याच जवानांनी ते मांस खाल्लं नाही, धर्मगुरूंच्या परवानग्या बाहेरून मागवल्या तरी कित्येकांनी नाही म्हटलं, कारण गावाकडे परत गेल्यावर काय म्हणतील ही भीती. लोकांनी ह्यावर त्यांना नावं ठेवलेली मी वाचलीत आणि मला ते अजिबात पटत नाही. ज्या माणसाला लग्नाच्या पंगतीत बसायचं असतं त्याला तो विचार येणारच. भाजी नाही, मांस नाही, त्यामुळे हिंदी पलटणींत स्कर्व्ही पसरला. गोऱ्यांना मात्र बेरीबेरी झाला, पांढऱ्या मैद्याच्या पावामुळे, आणि त्यांना जवाचं पीठ मिळायला लागलं तेव्हा तो कमी झाला. एप्रिलमध्ये विमानातून धान्याची पोती टाकून बघितली, लढाईत वेढलेल्या फौजेला असं अन्न टाकण्याचे हे अगदी पहिले प्रयत्न, पण इतक्या माणसांना ते पुरणार कसं. शेवटी 24 एप्रिलला जुलनार नावाच्या स्टीमरवर 270 टन माल चढवून रात्री वेढा फोडायला पाठवली, ती तुर्कांच्या हाती लागली. 29 एप्रिलला, जवळजवळ पाच महिन्यांनी, शरणागती. तेरा हजारांच्या आसपास कैदी, त्यातले हजारो पुढच्या पायपिटीत आणि कॅम्पात मेले.

आता उरलेलं अर्धं उत्तर. फेब्रुवारी 1916 मध्येच लंडनच्या वॉर ऑफिसने मोहिमेची सूत्रं हिंदुस्थान सरकारकडून काढून घेतली होती. ऑगस्टच्या शेवटी मॉड सेनापती झाला आणि त्याने जवळजवळ साडेतीन महिने हल्लाच केला नाही. ह्या साडेतीन महिन्यांसाठी मी त्याला मानतो. वरून दबाव होता, पण तो जमवाजमव करत राहिला. त्याच्या आधीपासून रंगूनच्या बंदराचे अनुभवी जॉर्ज बुकॅनन यांना बसऱ्याला आणलेलं होतं, बसऱ्याजवळ माकिल इथे खरेखुरे धक्के बांधले, जहाज थेट लागून माल उतरायला लागला. नदीच्या बोटींसाठी एक वेगळं खातंच उभं केलं, इरावतीवरून, नाईलवरून, जिथून मिळतील तिथून बोटी आणल्या, त्यातल्या काही समुद्रात ओढून आणताना बुडाल्यासुद्धा. 1916 संपेपर्यंत कुर्णा ते अमारा रेल्वे झाली, आदल्या वर्षी नाकारलेली बसरा-नासिरियाही झाली, आणि शेख सादपासून खंदकांकडे नॅरोगेज टाकली. फोर्डच्या मोटारी आल्या. वाटेत जागोजागी हॉस्पिटलं आली, जवानांचं रेशन सुधारलं, आणि 1917 पासून हिंदी शिपायाला फुकट रेशन मिळायला लागलं, त्याआधी शांततेच्या काळात तो ते स्वतःच्या पगारातून घ्यायचा, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

13 डिसेंबर 1916 ला मॉड हलला. 23 फेब्रुवारीला शुम्रानला नदी ओलांडली, दुसऱ्या दिवशी कूत परत मिळालं, 11 मार्चला बगदाद. मॉड त्याच नोव्हेंबरात बगदादमध्ये कॉलऱ्याने गेला.

म्हणून सेनापती बदलला हे खरं आहे पण अपुरं आहे. टाउनशेंडच्या माणसांत हिंमत कमी नव्हती, त्यांच्या मागे धक्के नव्हते. सबंध युद्धात हिंदुस्थानातून मेसोपोटेमियाला 5 लाख 88 हजारांच्या आसपास माणसं गेली आणि त्यातली जवळजवळ निम्मी लढणारी नव्हतीच. हमाल, खलाशी, खेचरवाले, भिश्ती, आचारी, रेल्वेचे मजूर, काही तर तुरुंगातून भरती केलेले. पुतळ्यांत आणि शौर्यगाथांत ते कुठे दिसत नाहीत, पण बगदाद त्यांच्या खांद्यावरून गेलं असं मी म्हणतो. आपल्याकडेही 1917 मध्ये 111वी महार पलटण उभी केली आणि 1921 ला मोडून टाकली, ह्यावर खरं तर वेगळं उत्तर लिहायला हवं.

पणजोबांबद्दल. ते परत आले असतील तर गावात विचारा, सातारा-रत्नागिरीकडे बऱ्याच गावांत चावडीवर किंवा देवळाजवळ संगमरवरी पाटी असते, 'या गावातून इतके जण महायुद्धास गेले, इतके कामास आले' अशा अर्थाची. साताऱ्याजवळच्या अपशिंगेला तर स्तंभच आहे. परत आले नसतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर शोधा, पण एक लक्षात ठेवा, बसऱ्याच्या स्मारकाच्या दगडावर गोऱ्यांची आणि हिंदी ऑफिसरांची नावं कोरलेली होती, साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार फक्त आकडा होता. नावं रजिस्टरमध्ये आहेत. नुसतं आडनाव टाकून सापडणार नाही कारण कारकुनांनी नावं कशीही लिहिलीत, बरेचदा आडनावच नाही, म्हणून पलटण '103 मराठा लाइट इन्फंट्री' टाका, मग नाव नि वडलांचं नाव, आणि गावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून बघा. सर्व्हिस नंबर कागदावर कुठे पुसट दिसत असेल तर फोटो टाका, वाचायला मदत करतो.